साईराजचा सायलेन्सर

शिराळ्याच्या एका गॅरेजात मी पंक्चर काढून घेत होतो. तिथं आकारामआबा आले, जुन्या टायरवर टेकले आणि मेकॅनिकला म्हणाले,

"मधू, आमच्या साईराजच्या मोपेडला तू त्यो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला हुतास. पोरगं गेल्यावर मोपेड भंगारात दिली, तवा सायलेन्सर तू काढून घेतलास. आता कुणाच्या गाडीला लावलास?"

"कुणाच्याच न्हाई. का वं आबा?"

"रोज दिवस मावळताना वड्यापाशी त्योच आवाज येतोय. तुझी काकी लगीच चुलीवर तवा ठिवती. पोरगं हुतं तवाबी आवाज आला की ती भाकरी टाकायची. गरम पायजे असायची त्याला."

"दुसरी गाडी असंल. तसले सायलेन्सर लय पोरं लावत्यात."

"त्याला चीर गेली हुती नव्हं? मधनंच शीळ घातल्यावानी वाजायचा. तसाच वाजतोय. ज्याची गाडी असंल त्याला म्हणावं, काढून टाक. ती ताट घिऊन दारात बसती, मला बघवंना."

"आबा, वर बघा. त्या खिळ्याला टांगलाय त्योच त्यो. तवापासनं मी खाली काढलेला न्हाई."

आबा उठले. त्यांनी सायलेन्सरला हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला.

"मधू, ह्यो तापलाय."

मधूनंही बोट टेकवून पाहिलं.

"मोडीत देऊन टाकू का, आबा?"

"नगं. हाय तितंच ऱ्हाऊ दे. मी निगतो. दिवस मावळाय आला, तिनं पीठ मळलं असंल."