सुबोध फोनचा मालक झाला

नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या फोनचा मालक व्हायची माणसाला इतकी घाई कशाला? चाळिशी उलटली, ऑफिसात साहेब ऐकत नाही, घरी मी ऐकत नाही, सोसायटीचा वॉचमनसुद्धा याला बघून सावकाश गेट उघडतो… एवढं सगळं सहन केलंस ना रे बाबा? मग त्या फोनने तुझं काय घोडं मारलं होतं? पण नाही! आमच्या सुबोधला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिंडोशीच्या वन रूम किचनमध्ये बसून फोनचा मालक व्हायचं होतं. झाला! झाला एकदाचा मालक!

तुम्हाला सांगते, भानगड सुरू झाली जागेवरून. मुंबईत ती जागेवरूनच होणार म्हणा, पण ही फोनमधल्या जागेवरून. फोटो काढायला जा, 'स्टोरेज भरलंय'. मेसेज उघडायला जा, 'स्टोरेज भरलंय'. आणि भरलंय कशाने? कंपनीने आधीच आत बसवून पाठवलेल्या ॲपनी! पत्त्यांचा गेम, रेसचा गेम, कसलंसं खरेदीचं, कसलंसं राशिभविष्याचं… आम्ही कधी उघडलं नाही, आणि काढायला गेलं तर निघत नाही! पागडीचे भाडेकरू परवडले हो, ते निदान गणपतीला गावी तरी जातात!

मी म्हटलं, "अरे, मग दुसरं काहीतरी काढ." तर दुसरं मोठं म्हणजे एकच. अण्णांचं गाऱ्हाणं.

अण्णा म्हणजे माझे सासरे, काशीराम. आयुष्य गिरणीत गेलं, आवाज भोंग्यासारखा. आमच्याकडे गणपतीत आरती झाली की घरातला मोठा माणूस हातात नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि अण्णांनी घातलं की देवाला दुसरीकडे बघायची सोय नाही. "बा देवा म्हाराजा! आज तुझ्या पायाकडे सगळी लेकरां गोळा झाली हत… सुनेची कंबर दुखता, ती बरी कर… लेक मानसी, तिचो झील दहावीक असा, तेका अक्कल दी…" आणि दर वाक्याला आम्ही सगळे, "होय म्हाराजा!" अर्धा तास! कोणाला सोडत नाहीत. मागच्या गणपतीत सुबोधने ते अख्खं रेकॉर्ड केलं, आणि माघात अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं, टुकूटुकू बघतात, पण तोंडातून शब्द नाही. घर इतकं गप्प झालं ना… जाऊ दे.

मग ठरलं, यंदा गाऱ्हाणं फोनवरून लावायचं. अण्णांच्या समोर, अण्णांच्याच आवाजात. माझी नणंद मानसी मुलुंडहून रोज मागे लागायची, "दादा, मला पाठव ना रे ते." तर हा, "मोठी फाईल आहे गं, गणपतीत स्पीकरवर ऐक."

म्हणजे ते पुसायचं नाही. ते पुसायला लागू नये म्हणून… ऐकताय ना? ते वाचावं म्हणून याने फोन रूट करायला घेतला!

मी विचारलं, रूट म्हणजे काय? तर म्हणे, "अगं, फोन आपला, पण आतली मालकी कंपनीची. आपण नुसते भाडेकरू. रूट केला की आपण मालक. मग कोणालाही बाहेर काढता येतं." रविवारी दुपारी जेवून बसला, समोर लॅपटॉप, त्यात एक व्हिडिओवाला, "तो दोस्तो, डरना बिल्कुल नहीं है, बस मैं जैसा करूँ वैसा करते जाओ!" तुला काय जातंय रे मेल्या? तुझा बाप बोलतोय ना अजून!

मी म्हटलं, "सुबोध, अण्णांचं?"

"घेतलाय गं सगळ्याचा बॅकअप."

"सगळ्याचा?"

"सगळ्याचा, यार! तू डोकं नको खाऊ."

मग फोननेच विचारलं, कंपनीचं कुलूप उघडलं तर आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? फोनने विचारलं हो! माझ्यापेक्षा गरीब स्वभावाचा फोन. याने दाबलं, हो. स्क्रीन काळी… मग कंपनीचं नाव… मग फोन एकदम कोरा, शोरूममधून आणल्यासारखा! मग याने रूट केलं, पत्त्यांचा गेम काढला आणि ओरडला, "झकास! जान्हवी, मी मालक!"

दुसऱ्या दिवशी मालक भाजीला गेले. दोन जुड्या मेथी घेतली, पैसे द्यायला फोन काढला, तर बँकेचं ॲप म्हणतं, हा फोन सुरक्षित नाही, आम्ही चालणार नाही. भाजीवाला म्हणाला, "भाईसाब, रख दो." मालकांनी मेथी ठेवली. घरी येऊन मला म्हणतो, "पण रेसचा गेम पण काढला!" झाला मालक!

आणि मग मी म्हटलं, अण्णांचं लाव बघू. फोटो उघडले, होते. नंबर, होते. मेसेज, होते. रेकॉर्डिंगचं तेवढं… ते बॅकअपमध्ये आपोआप चढतच नाही म्हणे, आपण वेगळं काढून ठेवायचं असतं. अंधेरीला एका दुकानात घेऊन गेला, तो म्हणाला, गेलं ते गेलं. घरी आला आणि अण्णांच्या पलंगाशी बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. अण्णा नुसते बघत होते. त्यांना सगळं कळलं.

गणपती आले. आरती झाली, सगळे उभे, अण्णा खुर्चीत, मानसी पदर डोळ्याला लावून. सुबोधने नारळ घेतला. "बा देवा म्हाराजा… आज… आज सगळी लेकरां…" पुढे आठवेना! मी मागून, "कंबर, कंबर!" "हां, कंबर बरी कर…" "होय म्हाराजा!" शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "आनी माझा जा काय चुकला-माकला असात, त्येची माका माफी असू दे, म्हाराजा!"

आम्ही सगळे, "होय म्हाराजा!"

आणि खुर्चीतून, माघापासून बंद असलेला तो भोंगा, खणखणीत…

"नाय, म्हाराजा!"

अहो, अण्णा बोलले! मानसी किंचाळली, सुबोध नारळासकट त्यांच्या पायावर पडला. मी धावत माझा फोन आणला, "अण्णा, परत बोला! एकदाच!" बटण दाबलं…

स्टोरेज भरलंय.

अण्णा त्यानंतर आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत. आणि सुबोध? तो माझ्या फोनकडे बघतोय. "जान्हवी," म्हणतो, "यात पण तो पत्त्यांचा गेम आहे ना गं?"