दुसऱ्या टेबलावर घातलेली घोंगडी

नाव मबरूका घरीबी, नवरा सालह (मयत), वय ५२ वर्षे, काम युवा केंद्राची राखणदार, शिक्षण तिसरी, राहणार केंद्राच्या आवारातली खोली, केबिली, ट्युनिशिया.

समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, मला कुणी बोलावलेलं नाही. कालपासून तुम्ही अनीस उस्तादांना बसवून ठेवलंय, ते चूक आहे, म्हणून आले.

केंद्रात मुलांचा रोबोटचा क्लब आहे, तो उस्ताद चालवतात. काल रविवारी स्पर्धा होती. छताला खजुराचा घड टांगला होता. झावळ्यांचे दांडे, दोरी, बॅटरी आणि जुन्या प्रिंटरमधल्या मोटारी, एवढ्यातून चार तासांत यंत्राचा हात बनवायचा आणि एकही खजूर न सांडता घड खाली आणायचा. पाच गट, पाच टेबलं. सगळ्यांना सामान सारखं मोजून देणं आणि वेळेची शिट्टी, ही माझी कामं.

दुसऱ्या टेबलावर माझी भाची रुकैया होती, वय १३. माझी बहीण गेल्यापासून ती माझ्याकडे असते. शेजारच्या गटातला बिलाल तिला म्हणाला की तुमचा हात म्हाताऱ्या उंटाच्या मानेसारखा डुलतोय. ती म्हणाली, "उंट घडापर्यंत पोचतो तरी. तुमचं गाढव खालून वास घेत बसलंय." सगळे हसले. मीही हसले.

साडेबाराला जेवणाची शिट्टी दिली. बॅटऱ्या यंत्रातच चार्जिंगला लावल्या. उस्तादांनी स्वतः तारा तपासल्या, कुलूप लावून किल्ली मला दिली, दर दहा मिनिटांनी आत बघा म्हणाले, आणि मुलांना कुसकुस वाढायला मागच्या अंगणात गेले. चार्जिंग चालू असताना बॅटरीवर काही झाकायचं नाही, ती तापते, हे त्यांनी मला आधी दोनदा सांगितलं होतं. मला ठाऊक होतं.

वाळूचा वारा सुटला होता. खिडकीला एक काच नाही. गेल्या वर्षी दातेरी चाकांत वाळू जाऊन रुकैयाचं यंत्र अडकलं, तेव्हा ती आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती. मी आत गेले आणि माझी लोकरीची घोंगडी तिच्या यंत्रावर घातली. बाकीच्या चारांवर काही घातलं नाही. कपाटात चादरी होत्या. झाकलंय, आता काय बघायचं, म्हणून पुन्हा गेले नाही. भांडी घासत बसले.

एक वाजून वीस मिनिटांनी दाराखालून धूर आला. मी कुलूप काढलं. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही असा क्लबचा नियम आहे. अंगणातून धावत आलेली मुलं दारातच थांबली. यंत्र रुकैयाचं, म्हणून ती माझ्या हाताखालून आत गेली. तिने घोंगडी ओढली. बॅटरी फुटली. उस्तादांनी मागून धावत येऊन तिला उचलून बाहेर आणलं, मग वाळूची बादली ओतली. मी दारात किल्ली घेऊन उभी होते.

आज सकाळी दवाखान्यात गेले. रुकैयाच्या उजव्या हाताची दोन बोटं राहणार नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नर्स बाहेर गेल्यावर रुकैया म्हणाली, "खाला, घोंगडी उस्तादांनी घातली असं मी पोलिसांना सांगितलंय. तू गप्प राहा. तुझं काम गेलं तर आपण राहायचं कुठे?" मी बरं म्हणाले. तिला पाणी पाजलं. तिथून बसने इथे आले.

ती लहान आहे, तिचं बोलणं धरू नका. उस्तादांना सोडा. केंद्राच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यात.

हवालदारांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं. त्यात नजरचुकीने घातली असं होतं, ते खोडायला लावलं. आता मी सांगितलं तसंच आहे. सही येते मला, अंगठा नको. संध्याकाळी रुकैयाला भरवायला माणूस लागेल. मला सोडणार नसाल तर आत्ताच सांगा.