दोन पट्ट्या खाली

— हनुवटी वर करा काकू, आणि हा सांगाडा नाकावर जड वाटला तरी हात लावू नका, काच सरकते. आता त्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचा बघू. सावकाश. नाही दिसत तर नाही दिसत म्हणा, अंदाजानं ठोकून देऊ नका, मला कळतं ते — जन्म गेला माझा चष्म्याच्या दुकानात. आणि बाहेरच्या हॉर्नकडे लक्ष देऊ नका. माझ्यासाठीच वाजतोय तो. ती निळी व्हॅन दिसते का — नाही, या काचेतून कशी दिसेल म्हणा — लाँड्रीची गाडी आहे, आमच्या ढब्बूची. ढब्बू ड्रम वाजवतो. ऐका आता, तीन वेळा वाजवेल आणि थांबेल. ऐकलंत? तीन. आमची पद्धत आहे ती, गाणं सुरू करायची. तीन ठोके त्याचे, चौथा माझा — मी पाय आपटायचा की सगळे एकदम सुटणार. शाळेपासून तसंच. म्हणून तो तीनवर थांबतो. थांबू दे. बसू दे तिथं दिवसभर.

गातो? गायचो काकू. गायचो म्हणा. बँड आमचा — बँड कसला, चौघं मित्र. मी गाणारा, ढब्बू ड्रमवर, लंबू गिटार वाजवतो, आणि मास्तर — शाळेत गणित शिकवतो म्हणून मास्तर — तो कीबोर्डवर. वर्षातून एकदा गाडी काढायची आणि आसपासच्या गावांत गाऊन यायचं, कुठं शाळेचा हॉल, कुठं एखादं हॉटेल. गाडीत इस्त्रीच्या कपड्यांचा वास, ढोल मांडीवर, खिडकीच्या जागेवरून मास्तरशी भांडणं. हे बरं दिसतंय की हे? — पहिलं? बरं. तर गेल्या खेपेला निघालो आणि काय सांगू, माझा गळा असा लागला! वरचे सूर, जे मधे अडकायला लागले होते, ते लोण्यासारखे. मी म्हटलं, सिगरेट सोडली ना, त्याचा गुण. सगळ्या रस्त्यात तेच तुणतुणं माझं — बघितलंत का रे, या वयात गळा उघडलाय माझा, तुमची बोटं जड झाली पण माझा आवाज बघा! लंबूला तर म्हटलं, तूही सोड सिगरेट, जरा बरा वाजवशील. आणि हे तिघं काय म्हणाले? वा, म्हणाले. क्या बात है, म्हणाले. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं मला, आणि मी चढलो हो, शेंड्यापर्यंत चढलो.

पापणी मिटू नका. — मग त्या शेवटच्या हॉलमधे कीबोर्ड चालूच होईना. बटणं दाबून दाबून मास्तर थकला. कोपऱ्यात एक जुना पियानो होता, म्हटलं, बस यावर. बसला. तीन ठोके पडले, मी पाय आपटला — आणि काकू, काय तो आवाज! पियानो एकीकडे, गिटार भलतीकडे. मी पियानोचा सूर धरला, आणि वर गेल्यावर गळा फाटला माझा, भर हॉलमधे. पुढच्या रांगेत एक मुलगी हसली. मी वळून बघितलं तर लंबू आणि मास्तर एकमेकांकडे बघतायत. माझ्याकडे नाही — एकमेकांकडे. आणि लंबू हळूच म्हणतो मास्तरला, "दोन पट्ट्या खाली, अरे दोन खाली!"

नाही कळलं? सोपं आहे हो. कीबोर्डला एक बटण असतं, ते दाबलं की बोटं तीच ठेवायची, सूर मात्र खाली उतरतात. आणि गिटारच्या तारा सैल केल्या की तेच. म्हणजे मी बघितलं तरी मला कळू नये! पियानोला कुठलं बटण असायला? मास्तर विसरला, सवयीनं जुन्याच जागी बोटं टाकली, आणि पडलं उघडं. गळाबिळा काही उघडला नव्हता माझा. गाणी उतरवली होती त्यांनी. माझ्या पायाखालची पायरी खाली सरकवली होती आणि मी म्हणत होतो, बघा कसा चढतो! केसानं गळा कापणं म्हणतात ना — अगदी तसं. ढब्बूलाही माहीत होतं, ज्याच्या ढोलाला सूर नाही त्याला! आणि घरी ही. हिलाही माहीत. "तुम्ही किती खुशीत होता," म्हणाली, "कोणत्या तोंडानं सांगायचं?" अहो, याच तोंडानं! मी रोज सांगतो की लोकांना — नंबर वाढलाय, डावा डोळा कमी झालाय. तोंडावर सांगतो. मेलं का कुणी? डोळ्यांत धूळ फेकायची आणि वर त्याला माया म्हणायचं. मी तिथंच म्हटलं तिघांना, तुमची दया नको मला, दुसरा गाणारा शोधा. आणि एकटा बसनं आलो. तेव्हापासून नाही गायलो — शटर खाली ओढून एकदोनदा बघितलं, जुन्या पट्टीत... नाही लागत. खोटं कशाला बोलू, नाही लागत.

पाय लागला का? ती बॅग — जुन्या फ्रेमा आहेत. ...बरं, कपडे आहेत. स्टेजवरचे दोन शर्ट. हिनं भरून दिली सकाळी, मी आपली आणून ठेवली, घरात कटकट नको म्हणून. निघालेत ते आज, यंदाच्या फेरीला. बघा, परत तीन. वाजव बाबा.

हं, आता शेवटचं. तुमच्यासारख्या शिवणकामवाल्यांना मी नुसत्या पाटीवर सोडत नाही, ही सुई घ्या, हा काळा दोरा. ओवा. अं हं, जुन्या नंबरच्या काचेत नाही जायचा तो. थांबा, ही घालतो — आता? गेला! एका झटक्यात गेला, बघा. हात काय सुरेख आहे तुमचा अजून. काय म्हणालात? सूनबाई मशीन काढून टाकायचं म्हणते? नंबर वाढला असेल तर शिवण बंद? असं कसं — आणि नंबर तर...

तोच आहे काकू. तोच. जुन्या काचेवर चरे पडलेत, म्हणून धूसर दिसत होतं, बाकी काही नाही. मी सांगितलंय म्हणावं सूनबाईंना. नवी काच घालून देतो, शिवा खुशाल. — असं काय बघताय माझ्याकडे? तोच आहे म्हटलं ना!

हॉर्न थांबला वाटतं. थांबा हं, जरा दारातून... तिथंच उभी होती गाडी. त्या खांबापाशी.

काही नाही, काही नाही. चष्मा परवा घेऊन जा. — कसला आवाज? काउंटरवर बोट आपटलं माझं. एकदाच आपटलं. या तुम्ही आता, काकू, दार ओढून घ्या.