दलदल्याचे पाय

हॅलो? … हॅलो, कोण?

अगं बाई, चिमणी! … नाही गं, नंबर कशाला पुसेन. चष्मा नाहीये डोळ्यावर. बोल.

हो, हो… बरी आहे आई. … वॉकर धरून चालते आता, खोलीच्या दारापर्यंत. … अगं, किती विचारशील! तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एक फोन नाही, आणि आज पथ्यपाण्यासकट चौकशी? कामाचं बोल. उगाच फोन करणाऱ्यातली तू नाहीस.

कोण? … दलदल्या? … नाही, "आपला दलदल्या" म्हणालीस म्हणून थबकले. त्या चित्राचं बक्षीस घेताना तो "माझा" होता.

टोमणा कसला त्यात? व्यासपीठावर तू बोललीस तेच बोलतेय. व्हिडिओ पाहिला ना आम्ही. आईने पण पाहिला. म्हणाली, ही तुझ्या शेजारच्या टेबलावर बसायची ना? त्या जनावराच्या शिंगाला हिनेही कंदील टांगला?

अगं ऐक ना… ऐक तर… ऑपरेशननंतर आईसाठी मी रजेवर गेले, कबूल. चित्र ऑफिसच्या मशीनवर ठेवून गेले, तेही कबूल. पण राहिलं काय होतं त्यात? पाठीवरचं शेवाळ! तेवढं तू हिरवं केलंस आणि कोपऱ्यात सही ठोकलीस.

घाई होती. हो. … सर डोक्यावर उभे होते. हो. … सही करायला बरी सवड मिळाली.

बरं, रडगाणं नको. झालं काय ते सांग.

खेळणी? … दलदल्याची? … त्या गेमवाल्या बाईंनीच सांगितलं? ज्यांनी गेमसाठी तो आपल्याकडून चितारून घेतला त्यांनी? … हं. बरोबर आहे त्यांचं. खेळणं करायचं तर अख्खं जनावर दिसायला हवं. नुसतं धड आणि खाली धुकं, असं खेळणं कोण घेईल?

मग काढ की धुकं. … का नाही निघत?

अरे देवा. थरच ठेवले नाहीस? … धुक्याचा थर वेगळा, पाण्याचा वेगळा, लव्हाळ्याचा वेगळा, असं एकावर एक चढवलं होतं मी. तू सगळं एकात मिसळून टाकलंस. आता दुधातली साखर चिमटीने वेचतेयस.

आहे ना. माझ्याकडे आहे, सगळ्या थरांसकट. … अगं, हॉस्पिटलात आईच्या उशाशी बसून याच टॅबलेटवर तर रंगवला त्याला. कंदिलाचा तो मळकट पिवळा रंग कुठून आलाय माहितीये? नर्सच्या टेबलावरच्या दिव्यातून. आणि डोळे… जाऊ दे.

एक मिनिट हं. … आई, थांब! एकटी उठू नकोस. आधी वॉकर, मग पाय. … हां, बस जरा, आलेच.

बोल. … रडतेस काय? नाक पुस आधी. … फाइल दिली तर काय करशील? … धुक्याचा थर बंद करशील, खाली पाय दिसतील, पाठवून मोकळी होशील. एवढंच ना?

हसत नाहीये गं. … हसत नाहीये म्हटलं ना. … चिमणे, पाय नाहीत त्याला.

पाय. नाहीत. … गुडघ्याखाली कोरं आहे सगळं.

अगं, काढलेच नाहीत मी! आईला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी पायांपर्यंत आले होते. हात चालेना. खूर काढले, पुसले. पंजे काढले, पुसले. उभाच राहीना तो. शेवटी मोठा ब्रश घेतला आणि गुडघ्यापर्यंत धुकं ओढलं. तेच बघून तुम्ही सगळे म्हणालात, वा, काय वातावरण आहे!

आणि माईकवर काय सांगितलंस तू? … आठवत नाही? मला पाठ आहे. "त्याच्या खुरांसाठी मी कित्येक दिवस हरणांचा अभ्यास केला. धुक्याआड ते दिसत नाहीत, पण जाणवतात." टाळ्या पडल्या गं त्यावर!

दुसऱ्याच्या चित्रावर सही करायची तर निदान पांघरूण उचलून तरी बघायचं. एकदा धुकं बंद केलं असतंस, तर तोंडातून हरीण निघालं नसतं.

हॅलो? … कोण खोकलं आत्ता? … स्पीकरवर आहे का फोन? चिमणे, कोण बसलंय तिथे?

… सर. नमस्कार.

ऐकलंत ना सगळं? बरं झालं. हे तुम्हाला कसं सांगावं, याच विचारात मी… काय?

चित्र माझं, हे माहीत होतं? … पहिल्या दिवसापासून. … अच्छा. … नाही, नाही, तुम्ही बोला. ऐकतेय मी.

पाय हवेत. … आज संध्याकाळपर्यंत. … हो, चारही.

आणि नाव, सर? … खोक्यांवर तिचं छापून झालंय. … हो, पुन्हा छापायचं म्हणजे केवढा व्याप. … "विशेष सहकार्य"? कुठे? … खोक्याच्या तळाशी. लहान मुलांच्या तोंडात देऊ नये, त्याच्या खाली. वा.

परत घ्यायला तयार आहात? म्हणजे? … मी रजेवर आहे, सर. तुम्हीच मंजूर केलीत. … मला काढलं कधी?

… अच्छा.

माझ्या टेबलावर कोण बसतं आता? … चिमणी. … हो, खिडकीजवळचं आहे ते, उजेड चांगला येतो.

नाही सर, रागावले नाही. पाय मात्र तिलाच काढू द्या. हरणांचा अभ्यास आहे तिचा. … फाइल? देते की. आत्ता, बोलता बोलता पाठवते. धुकं बंद करूनच पाठवते, कुणाला शोधाशोध नको. … तुम्हाला नाही, गेमवाल्या बाईंना. त्यांचा पत्ता आहे माझ्याकडे, सुरुवातीची सगळी कच्ची चित्रं त्यांना मीच पाठवायचे, विसरलात?

ओरडू नका, सर. चिमणी घाबरेल.

हो, कळलं. पुन्हा पायरी चढायची नाही. … इतरांनाही सांगणार, मला काम देऊ नका म्हणून. … सांगा. … हो, तेही कळलं.

गेली बघा फाइल. … सर, ठेवते आता. माणूस ताटकळलंय इथे.

चल गं आई, ऊठ. आधी वॉकर… हां. आता पाय.