फ्लॅशची पन्हळ दिवलीबाईच्या हाती दिल्याबाबत

नाव छबूबाई, नवरा हिंमतराव गिरासे, वय पंचेचाळीस, काम घरची शेती, राहणार कळसाडी, तालुका शहादा. तारीख १२ फेब्रुवारी १९४१.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझा मुलगा पलटणीत आहे. त्याने बायकोचा, म्हणजे माझी सून सरलाबाई हिचा, फोटो मागवला. म्हणून गेल्या शुक्रवारी दुपारी नंदुरबारचा हिलाल फोटोवाला बोलावला. तो येणारच, म्हणून माझाही एक काढायचा ठरवला. आमच्यात पडदा आहे. बायका अंगणात बसत नाहीत व परका पुरुष माजघरात येत नाही. सबब खिडक्या लावून आम्ही आत बसलो व हिलाल कॅमेरा घेऊन उंबऱ्याबाहेर राहिला.

आमची मजूर दिवलीबाई हिचा नवरा भीमसिंग याने मी दारू उडवली असे लिहून दिले आहे. ते खोटे. दिवाळीची दारू मला कळते. हिलालजवळ दोन जिनसा होत्या. एक काचेचा गोळा, त्याला तो फ्लॅशबल्ब म्हणतो. त्यात आग आतल्या आत पेटते व गोळा एकदाच चालतो. दुसरी पत्र्याची पन्हळ, तिला खाली मूठ व खटका. तिच्यात फ्लॅश पावडर घालतात, ती उघडी पेटते.

हिलाल म्हणाला, "माय, बल्ब एकच शे."

मी म्हटले, "मंग तो सुनले ठेव. आम्हले पावडर चाली."

पन्हळ धरायला त्याला आत घेता येत नव्हते, म्हणून मिरच्या खुडत बसलेल्या दिवलीला हाक मारली. हिलालने बाहेरून सांगितले की पावडर एकच चमचा, आणि धरणारीने तोंड फिरवावे. माजघर अंधारे आहे, दागिने दिसले पाहिजेत, म्हणून चार चमचे मी घातले. त्याला विचारले नाही.

दिवली म्हणाली, "माय, भडका व्हई का?"

मी म्हटले, "भडका व्हवाकरताच तुले उभी करेल शे. पन्हळकडे देख, वाकडी व्हवाले नको."

पावडर नव्या सतरंजीवर सांडू नये म्हणून तसे बोलले. तिने पाहिले व खटका ओढला.

ती ओरडली. बाहेर पुरुष होते म्हणून मी तिला चूप केले व कोपऱ्यात बसवले. सून नटून बसलेली होती, तिचा गोळ्याचा फोटो आधी उरकला. सून रडत होती, म्हणून दोनदा तोंड पुसावे लागले. नंतर दिवलीच्या तोंडाला तूप लावले. दुसऱ्या दिवशी बैलगाडीने दवाखान्यात पाठवली. डॉक्टरने दोन्ही डोळे गेल्याचे सांगितले. तिला माझ्या घरून दोन वेळची भाकर चालू आहे. यापेक्षा काय करायचे ते सरकारने सांगावे.

पन्हळ, पावडरची डबी व जळालेला गोळा मला दाखवले. ते मी ओळखले. दिवली बाहेर ओट्यावर बसली आहे. तिला ते दाखवण्यात वेळ घालवू नये.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच आहे. सही माझ्या हातची.