जुन्या मिलिटरी गाडीचा हूड

मी खारेपाटातली गो. पेणच्या खाली खाडीच्या अंगाला आमचं गाव आणि गावाच्या पुढं नुसती मिठागरं. बापूस मिठागरात, आयस मिठागरात, आम्ही पाच भावंडं पण तिथंच. मीठ ओढायचं, रास करायची, टोपलीनं डोक्यावरून वाहायचं. नाव हिरा ठेवलं व्हतं, आणि पायाला भेगा अशा की त्यात मीठ गेलं की रात्रभर झोप नाय. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला पाणी नाय, असं गाव. गोडं पाणी लांबून आणायचं, दोन हंडे डोक्यावर, एक कमरेला, आणि आयस त्या पाण्याची राखण करायची, दागिन्याची कोण करणार नाय अशी. भांड्याला खारं, अंगाला खारं, कापडाला खारं. एकदा मी परकर धुवायला तांब्याभर गोडं पाणी घेतलं तर आयसनं पाठीत धपाटा घातला, म्हणाली, कापडाला तहान लागते का गो. आयसचं हे बोलणं ध्यानात ठेव तू, पुढं गोष्टीत लागंल.

लगीन होऊन गडबला आले. हायवेवर ह्यांची शेड, आत एक मोठी मशीन, आणि ह्यांचा धंदा ट्रकचे हूड शिवायचा. विटांचे ट्रक, मिठाचे, भाताचे, सगळ्यांना वरून कॅनव्हास लागायचा. तू म्हणशील बाईमाणूस त्यात काय करणार. अगो, एवढं मोठं कापड एकट्याला शिवता येत नाय. एक जण मशीनवर आणि एक जण कापडाच्या आत, पुढं सरकवायला. ती आतली मी. उन्हाळ्यात त्या कापडाखाली अशी उकडायचे की हे वरून विचारायचे, हाईस का गेलीस. मी म्हणायची, गेले तर शिवून टाका तसंच. मंग हळूहळू मशीनवर मीच बसायला लागले, कारण ह्यांची कंबर गेली. माप मी सुतळीनं घेते. टेपावरचे आकडे समजतात मला, पण हात सुतळीवर बसलाय. लांबीला एक गाठ, कमानीला दोन गाठी, मागच्या पडद्याला तीन. प्रत्येक गाडीची सुतळी खिळ्याला टांगलेली. आणि जोड मारताना वरच्या कापडाचं तोंड मागच्या बाजूला ठेवायचं, नायतर गाडी पळाली की वारा आत शिरतो आणि पाऊस त्याच्या मागून. हे सगळं ह्यांनी शिकवलं. हे जाऊन सहा वर्षं झाली.

आता कोण कॅनव्हास घेतो. प्लास्टिकच्या तयार ताडपत्र्या आल्या, हलक्या, फाटली की टाकली. शेडमध्ये मी नुसती बसून असायची, कधी कुणाच्या टेम्पोला ठिगळ, कधी शाळेच्या मुलाचं दप्तर. पोरगा महेश तेव्हा नागोठण्याला कंपनीत कंत्राटावर जायचा, शिफ्ट करून यायचा आणि शेडकडं बघायचा. आये, म्हणाला, जागा हायवेवर हाय, वडापावची गाडी लावतो, मशीन काढून टाकू. वाईट काय बोलला नाय तो. पण मशीन काढायची म्हणजे मंग मी कोण, असं झालं मला.

अशात शिमग्याच्या आधी एक साहेब आले. देसाई साहेब, मुंबईचे, रोह्याच्या पुढं त्यांची बाग हाय. बागेत एक ट्रक. मिलिटरीचा, लिलावात घेतलेला, त्यांच्या वयाचा असंल. हिरवा रंग, कमानी लोखंडाच्या, सगळं दुरुस्त करून घेतलेलं, फक्त हूड नव्हता. साहेबांनी मोबाईलवर जुना फोटो दाखवला, म्हणाले, असा पायजे, ह्याच पट्ट्या, ह्याच रिंगा. बाहेरच्या देशातनं तयार येतो, पण त्या किमतीत दुसरी गाडी येईल. तुमच्याच्यानं स्वस्तात व्हईल का. मी म्हटलं, लढाईला जायची हाय का गाडी. हसले. म्हणाले, नाय बाई, माझे दोस्त हायत असलेच येडे, सहा-सात जणांकडं अशाच गाड्या, सगळ्या उघड्या. दसऱ्याला सगळे माझ्या बागेत जमतात. माझा चांगला झाला तर सगळ्यांचे तुम्हीच करायचे.

महेश तिथंच उभा व्हता. रात्री जेवताना म्हणाला, दसऱ्यापर्यंत थांबतो. ते काम आलं तर शेड तुझी, नायतर माझी. मी म्हटलं बरं.

पेणवरून कोरा कॅनव्हास आणला, मेण न लावलेला, तो स्वस्त पडतो. मेणाचा हात मी घरीच देते. पण कोरं कापड आधी भिजवावं लागतं. पाण्यात आकसून घ्यायचं, वाळवायचं, मंग कापायचं. नायतर पहिल्या पावसात हूड आखडतो आणि दोरी ओवायच्या पितळी रिंगा कापड फाडून निघतात. हे सगळं जमवेपर्यंत मे महिना आला व्हता. नळाला दोन दिवसांआड पाणी, तेही तासभर. एवढ्या कापडाला एक टाकी लागली असती. मी त्या टाकीकडं बघत उभी राह्यले आणि माझा हात काय तोटीकडं जाईना. मंग सगळं कापड टेम्पोत घातलं आणि माहेरी नेलं, भावाकडं, दामूकडं. दोघांनी मिळून भरतीच्या पाण्यात सोडलं, दोन दिवस ठेवलं, मिठागराच्या बांधावर वाळत घातलं. पांढरं शुभ्र दिसत व्हतं. दामू म्हणाला, ताय, बापूस असता तर म्हणाला असता, एवढ्या मोठ्या गलबताचं शीड कुणाचं. मला पण बरं वाटलं. काय सांगू तुला, एवढी वर्षं ह्या धंद्यात, पण कापड आमचे हे विहिरीवर भिजवायचे, ते काम त्यांचं, माझ्या डोक्यात कधी आलंच नाय की विहिरीवरच का. मिठागरातल्या माणसाला खारं पाणी म्हणजे पाणीच वाटतं.

हूड चांगला झाला. खोटं कशाला बोलू, ह्यांनी शिवला असता तसाच झाला. पाच कमानींवर असा बसला की साहेब गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आले आणि नुसते हात फिरवत राह्यले. मृगाच्या आत काम संपलं.

मंग श्रावणात फोन. बाई, हूड वाळत नाय. पाऊस लागलेला नाय, गाडी शेडमध्ये हाय, तरी कापड ओलं. आतनं बुरशी, रिंगा हिरव्या पडल्या. महेशच्या मोटरसायकलवर मी रोह्याला गेले. गाडीपाशी गेले, हात लावला, थंडगार, चिकट. आणि मी काय केलं, पडद्याचा कोपरा धरला आणि जिभेला लावला. साहेब म्हणाले, अहो बाई, काय करता. खारट, गो. मीठ तसं असतं ना पावसाळ्यात, बरणीत ठेवलं तरी पाणी सुटतं त्याला. तेच मीठ मी त्यांच्या गाडीवर शिवून ठेवलं व्हतं.

साहेब माणूस चांगला. म्हणाले, तुमची शिलाई काय उसवलेली नाय, कापड खराब निघालं. मी त्या पेणच्या दुकानदाराला बघतो, आणि दोस्तांसाठी दुसरीकडचं कापड आणून देतो. महेश लगेच म्हणाला, व्हय साहेब, कापडच खराब. आणि माझ्याकडं बघितलं त्यानं. नुसती मान हलवायची व्हती. आज पण मी विचार करते, एवढीशी मान. पण तो दुकानदार, मला वीस वर्षं कापड देतो, हे गेले तेव्हा दारात येऊन बसला व्हता. मी म्हटलं, नाय साहेब, कापड चांगलं हाय. चूक माझी. मी खाडीत भिजवलं.

मंग साहेब म्हणाले, आता काय करायचं. मी म्हटलं, गाडी बाहेर काढा, पावसात उभी करा आठ-दहा दिवस. गोड्या पाण्यानंच मीठ जाईल, आणि आता वरून फुकट पडतंय. तर त्यांचं तोंड असं झालं. म्हणाले, एवढी जुनी गाडी, मी तिला पावसाचा थेंब लागू देत नाय. मी म्हटलं, मंग साहेब, हूड कशाला शिवून घेतलात. तेव्हा हसले, पण पयल्यासारखे नाय.

परत येताना नागोठण्यापर्यंत महेश गाडी पळवतच राह्यला. पुलावर गाडी बाजूला घेतली, खाली नदी फुगलेली, म्हणाला, आये, तुला कुणी विचारलं व्हतं का. मी म्हटलं, नाय विचारलं. बस, एवढंच झालं आमचं.

गाडी पावसात ठेवली त्यांनी. मीठ गेलं, पण माझं मेण पण निम्मं गेलं त्याच्याबरोबर. भाद्रपदात ऊन पडलं तेव्हा जाऊन मी रिंगा बदलल्या, परत मेणाचा हात दिला, दोन दिवस कंबर धरून. आता छान हाय. पण दसऱ्याला सगळे जमले तोपर्यंत दोस्तांनी तयार हूड मागवले व्हते, प्लास्टिकचा थर असलेले. साहेबांनी फोन करून सांगितलं, न सांगता राह्यले असते तरी चाललं असतं. मी म्हटलं, बरं केलं त्यांनी, लवकर वाळतात ते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन पडवीत आली. चार जणांनी उचलली. सुतळ्या मी स्वतः काढल्या खिळ्यावरून. आता धाग्यात मेण ओढलं की बोटं मिटत नायत, आणि डोळ्याला सुईची भोकं दोन दिसतात, त्यामुळं तसं म्हटलं तर वेळेवरच झालं सगळं. साहेब वर्षाला एकदा गाडी घेऊन येतात मेणाला. येवोत बिचारे.

महेशनं शेडमध्ये वडापाव लावला, पण पुढचा भाग उघडा व्हता, गिऱ्हाईक पावसात भिजायचं. आये, म्हणाला, एक ताडपत्री आणू का. मान खाली घालून म्हणाला. मी म्हटलं, आणू नको. पेणवरून कोरा कॅनव्हास आणवला. नळाला पाणी आलं तेव्हा टाकी भरून घेतली आणि कापड त्यात बुडवलं, आपल्या पिण्याच्या पाण्यात. तोटी सुरूच ठेवली. काय सांगू तुला, एवढी म्हातारी झाले तरी पाठ आवळून उभी व्हते, आता धपाटा बसंल म्हणून.

तू लय कमी बोलतेस गो, नुसती लिहीत राह्यलीस. चहा गार झाला तुझा. जा, पुढं महेशकडं बस, गरम घे, पाऊस वाढलाय. मी शिवलेल्या त्या हूडाखाली बस. गळायचा नाय तो.