विसाव्याच्या धोंड्यापाशी घुमणारा पंखा

ऐका. शेकोटीत दोन काटक्या टाका आणि जवळ सरका. भाताची रास कुणी पळवत नाही, माझं लक्ष आहे तिकडं. ए मुक्ते, कांबळं घे अंगावर. नाहीतर पाठीला वारं लागेल आणि मग म्हणशील, नाना, माझ्यामागं कुणीतरी उभं होतं.

मी सगळी हयात यष्टी चालवली. काळकड्याच्या घाटाचं एकेक वळण या मनगटात आहे. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या.

दिवेलागण होऊन गेली होती. अशीच पौषातली थंडी. वरच्या खेरवाडीतनं सुदाम खुटवड निघाला. एकटा नाही. मागच्या सीटवर त्याची पोर, ईश्वरी. सात वर्षांची. तापानं नुसती फणफणत होती. पोरीची आई माहेरी गेलेली. खिंड चढायची, घाट उतरायचा, नदी ओलांडली की दवाखाना. जवळचा रस्ता तो एवढाच. पण रात्रीचा!

सुदामची गाडी विजेवरची. भाडी मारायला घेतलेली. पांढरीशुभ्र. आवाज नाही, धूर नाही, पाण्यासारखी सरकायची. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यानं काढलं नव्हतं. गाडीवर जीव होता त्याचा. पोरीवरही होता, नव्हता असं नाही. पण माणसांवर? आता हौसाचं सांगतो म्हणजे कळेल.

हौसा म्हणजे बबन पोळेकराची बायको. घाटात अर्ध्यावर त्यांचं खोपट. वैशाखात ती खेरवाडीला कामाला आलेली, तिथंच तापली. अंगाची भट्टी झाली. चौघांनी घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि तिला रस्त्यावर आणलं. समोर सुदामची गाडी उभी. काचा वर, आत सुदाम, मोबाईल बघत बसलेला. बबननं काच वाजवली. सुदामनं काच खाली घेतली. किती? दोन बोटं!

म्हणाला, "एसी चालू आहे, लवकर बोल."

बबन म्हणाला, "दवाखान्यापर्यंत सोड दादा. बघ, कशी झालीय."

"सीटवर ओकली तर? तू धुणार?"

तेवढ्यात झोळीतनं हौसा बोलली. "दादा, गाडीत नको घेऊ. पण काच तेवढी अशीच ठेव. गार वारं येतंय. जरा लागू दे."

आणि त्यानं काय केलं? काच वर चढवली. सर्रर्र! मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण झोळीचा मागचा खांदा ज्याचा होता, त्यानं मला सांगितलं. सांगताना त्याला पाणी प्यावं लागलं.

चालत निघाले मग. खिंडीत विसाव्याचा धोंडा आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडं मेलेल्याची ताटी, तिरडी, नदीकडं नेताना वाटेत एकदाच टेकवतात, त्या धोंड्यापाशी. खांदेकरी बदलतात, धोंड्यावर पाणी ओततात. आणि एकदा उचलली की नदीपर्यंत पुन्हा खाली ठेवायची नाही. काय वाटेल ते होवो, ठेवायची नाही! जिवंत माणसानं तर तिथं टेकूच नये. पण ऊन असलं, खांदे सोललेले. त्यांनी झोळी तिथं ठेवली. जित्या बाईला विसाव्यावर ठेवलं! पुन्हा उचलली तेव्हा ती जड झाली होती. कळलं ना?

तर त्या रात्री सुदाम खिंडीत आला. पोरगी म्हणाली, "बाबा, मळमळतंय." त्यानं गाडी थांबवली. कुठं थांबवणार? सगळ्या घाटात रुंद जागा तेवढीच. मोबाईलला रेंज येते तीही तिथंच. धोंड्याला चाक लावून गाडी उभी केली. गाडी बंद केली. दिवे गेले.

पंखा गेला नाही.

घुंईईईई. पुढनं, बॉनेटखालनं. घुंईईईई.

सुदाम घाबरला नाही. चढ चढून आली की विजेची गाडी उभी राहूनसुद्धा थोडा वेळ पंखा फिरवते, बॅटरी गार करते. मग आपोआप बंद होतो. पोरीला ओकवलं, तोंड पुसलं. पंखा चालूच. गाडी चालू करायला गेला तर पडद्यावर लाल अक्षरं. बॅटरी गरम आहे, थांबा. गाडी पुढं जाईना! आणि चार्जिंग? बघता बघता उतरायला लागलेलं. पंखा खात होता ना सगळं.

त्यानं शोरूमच्या मेकॅनिकला फोन लावला. इरफान त्याचं नाव. भला माणूस, जेवता जेवता उठला.

"इरफानभाई, गाडी उभी आहे आणि पंखा थांबत नाही."

"मोबाईलमधनं एसी लावून ठेवला नाहीस ना? बसायच्या आधी गाडी गार करायचं बटण असतं बघ."

"नाही. बंद आहे."

"पुढच्या जाळीत पाला अडकला असेल. हवा मिळाली नाही की पंखा पळतो."

सुदामनं बॅटरी लावून पाहिलं. हातातली, लायटीची बॅटरी रे! जाळी स्वच्छ.

"बॉनेट उघड. पाण्याची बाटली दिसेल, रंगीत पाणी असतं. कमी झालंय?"

काठोकाठ भरलेलं.

"मग पाईपला हात लाव. गरम आहे?"

सुदामनं हात लावला. गार! बर्फासारखा गार पाईप. खिंडीतली थंडी, पुढची काच दवानं ओली, आणि पंखा असा पळतोय की वैशाखातलं ऊन आहे!

इरफाननं पुन्हा सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "सुदामभाई, पंखा उगाच फिरत नाही. काहीतरी गरम असल्याशिवाय गाडी त्याला हुकूमच देत नाही. काय गरम आहे ते शोध."

तेवढ्यात आतनं पोरगी बोलली. हळूच.

"बाबा, या बाईंना सांगा ना. मला मांडीवर घेतलंय. त्यांचं अंग लई भाजतंय."

सरका, सरका जवळ. मलाही सांगताना कसंतरी होतं.

सुदामनं मागं पाहिलं. पोरगी एकटी. पण सीटवरचं प्लास्टिक तिच्या मागं दबलेलं. माणूस बसल्यावर दबतं तसं. त्यानं आत हात घालून चाचपलं. चटका बसला! तव्यावर हात पडावा तसा.

तो ओरडला, "इरफान, बंद कर हे! कसंही बंद कर!"

"बॉनेटमधल्या छोट्या बॅटरीचं काळं टोक काढ. सगळी गाडी मरेल. मग काय फिरतंय बघू."

आणि इथं चुकला तो. गाडी हातची जाईल या भीतीनं पोरीला आधी बाहेर काढायचं त्याला सुचलं नाही. पळत पुढं गेला, पान्यानं टोक काढलं. खट्! चारही दारं आतनं लागली. किल्ली आत. पोरगी आत.

पंखा?

"नाना, टोक काढल्यावर पंखा कसा फिरेल?" असं कोण म्हणालं? बंडू? शहाणा आहेस. इरफानही हेच म्हणत होता. पण तो फिरला, बाबा. थोडा वेळ फिरला. मग हळूहळू, दम लागल्यासारखा, थांबला. ज्याच्यासाठी सुदाम एवढा धडपडत होता ते झालं. गप्पगार झालं सगळं.

आणि काच आतनं धुरकटायला लागली.

ईश्वरीनं काचेवर हात ठेवला. "बाबा, उकडतंय. काच उघडा." सुदाम दार ओढतोय, लाथा घालतोय. "बाबा, श्वास..." पुढचं ऐकू येईना. मग काय केलं सुदामनं? गुडघ्यावर बसला रस्त्यात. हात जोडले. "हौसाबाई, पोरीला सोड. गाडी तुला घे. काच तेवढी खाली कर. दोन बोटं कर!"

आतनं काय उत्तर आलं? बोटानं कुणीतरी वाफेवर एक रेघ ओढली, वरपर्यंत. काच वर चढवल्यासारखी.

पान्यानं काच फुटेना, हाताशी दुसरा दगड नव्हता. सुदामनं विसाव्याचा धोंडा उचलला. जो कुणी हलवत नाही तो! घातला काचेवर. काच फुटली. आतनं वाफ अशी आली की त्याच्या भुवया होरपळल्या. पोरीला ओढलं, खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला. मोबाईल तिथंच पडला. इरफान तिकडनं हाका मारतोय, "हॅलो, हॅलो."

दोन वळणं गेली. पोरगी जड झाली. आणखी एक वळण. आणखी जड. खांदा भाजायला लागला. कानाशी आवाज आला, "बाबा, दमलात. ठेवा खाली. जरा विसावा घ्या." आवाज पोरीचा होता. पण ईश्वरीनं उभ्या जन्मात विसावा हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

समोर बबनचं खोपट. दिवा होता. सुदामनं लाथेनं दार वाजवलं. बबन बाहेर आला. सुदामला पाहिलं, खांद्यावरची पोर पाहिली.

"बबन, हात दे. खांदा तुटतोय. पोरगी जाईल माझी."

बबन म्हणाला, "गाडी आहे की तुझ्याकडं."

दार लावून घेतलं. सुदाम तिथंच वाकला, पोरीला ओट्यावर ठेवणार, तोच दाराआडनं बबनचा आवाज आला. "खाली ठेवू नकोस. आम्ही ठेवली होती."

बस. एवढंच बोलला.

सुदाम चालत राहिला. रडत, शिव्या देत, पोरीला चिकटून. वाटेत दहा वेळा आवाज आला. कधी पोरीचा, कधी त्याच्या आईचा. ठेव. ठेव जरा. त्यानं नाही ठेवली. नदीवर मसणवटीजवळ आला आणि खांदा एकदम हलका झाला. पोरगी म्हणाली, "बाबा, थंडी वाजते." या वेळी तीच बोलली.

वाचली ती. तुमच्यातल्या काहींनी पाहिलीय तिला. पण सुदामचा उजवा खांदा कधी वर आला नाही. आणि पोरगी अजून बापाच्या कुशीत झोपत नाही. म्हणते, तुमचं अंग भाजतं.

तुम्हाला वाटेल, हौसा सुटली. कुठली सुटते! सकाळी लोक खिंडीत गेले तर गाडी तिथंच. धोंडा जागच्या जागी. आणि गाडीच्या चारही काचा वर चढलेल्या. फोडलेलीसुद्धा! शोरूमवाल्यांनी पुढं बॅटरी काढून नेली, चाकं नेली. इरफान स्वतः आला होता. बॉनेट उघडलं, बंद केलं, निघून गेला. कारण पंखा फिरत होता.

बबन एकदा गेला तिकडं. रात्रीचा, तांब्यात पाणी घेऊन. त्याला वाटलं, माझीच बायको आहे, माझं ऐकेल. काच वाजवली. म्हणाला, "हौसे, चल घरी."

काच खाली आली. दोन बोटं. आतनं असं गार वारं आलं म्हणे, की त्याला बरं वाटलं. आणि तिच्याच आवाजात, हौसाच्या, शब्द आले,

"एसी चालू आहे, लवकर बोल."

काच वर गेली. सर्रर्र.

बबन तांब्या तिथंच टाकून आला. खोपट मोडून कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही.

म्हणून सांगतो, खिंडीतनं रात्री जायचं नाही. वळसा पडला तर पडू द्या, नदीकाठच्या लांबच्या वाटेनं या. आणि कधी अडकलातच, थंडीत पंखा ऐकू आला, तर थांबू नका, काच वाजवू नका, आत कोण आहे बघू नका. आणि कुणी दमलेला, तापलेला वाटेत भेटला, तर त्याला आधी गाडीत घ्या. सीट धुता येते.

चला, विस्तव झाका आता. पण पाणी ओतू नका त्याच्यावर. तो सर्रर्र आवाज मला ऐकवत नाही.